नाव नोंदणी, आयटीआय, अप्रेंटिस, मेळावे: नोकरी शोधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न फोनवर, मेसेजवर आणि मेळाव्यांच्या टेबलांवर पुन्हा पुन्हा आलेले आहेत. काही उमेदवारांचे, बरेचसे त्यांच्या आईवडिलांचे. उत्तरं महाराष्ट्रातल्या उमेदवारांना धरून लिहिली आहेत. फसगतीच्या बहुतेक कहाण्या एखाद्या न वाचलेल्या कागदापाशी येऊन थांबतात, म्हणून कागदांबद्दल इथे जरा जास्त लिहिलंय. हवा तो प्रश्न थेट वाचा. दुसरीकडे जायची गरज असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एम्प्लॉयमेंट एक्सचेंजमध्ये नाव घातलं की कॉल येतो, असं वडील म्हणतात. खरं का?

त्यांच्या काळात खरं होतं. सेवायोजन कार्यालयात कार्ड काढायचं, वेळच्या वेळी नूतनीकरण करायचं आणि ज्येष्ठतेनुसार नाव पुढे सरकलं की मुलाखतीचं पत्र यायचं. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिक्त जागा या कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं होतं. पण बंधन कळवण्याचं होतं. माणूस तिथूनच घ्यायचा, असं कायद्यात तेव्हाही नव्हतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कार्यालयाने पाठवलेल्या यादीवर न थांबता जाहिरातही द्यावी आणि आलेल्या सगळ्या अर्जांचा विचार करावा. सरकारी भरती आता जाहिरात, अर्ज आणि परीक्षा याच वाटेने होते. यादीतून पत्र येण्याची वाट बघत बसू नका.

त्या कार्यालयाचं आजचं नाव ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’. नाव लांबलं, काम बदललं. नोंदणी आता ‘महास्वयं’ पोर्टलवर होते आणि ती करावीच, कारण रोजगार मेळावे आणि राज्याच्या योजना (प्रश्न १५) त्याच नोंदणीवर चालतात.

२. महास्वयंवर नोंदणीला काय लागतं? सायबर कॅफेवाला पैसे मागतोय.

नोंदणीला सरकारी शुल्क नाही. कॅफेवाला मागतो ते त्याच्या मेहनतीचे. द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. आधार, स्वतःचा मोबाइल क्रमांक, शिक्षणाचा तपशील आणि बँक खातं एवढं जवळ असलं की घरच्या मोबाइलवरूनही नोंदणी होते.

‘स्वतःचा’ मोबाइल क्रमांक मुद्दाम लिहिलंय. कॅफेत घाईघाईत फॉर्म भरताना तिथलाच क्रमांक टाकला जातो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि सहा महिन्यांनी मेळाव्याचा मेसेजही त्याच्याकडेच जातो. तुम्ही मात्र ‘मला कधी काही कळवलंच नाही’ म्हणत बसता. दुसरी नेहमीची चूक म्हणजे बारावीला असताना नोंदणी केली, पुढे आयटीआय झालं, पदवी झाली, टायपिंग झालं, आणि पोर्टलवर उमेदवार अजून बारावीच आहे. नवीन प्रमाणपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात प्रोफाइल बदला.

३. महास्वयं आणि एनसीएस एकच का?

नाही. महास्वयं राज्याचं आहे. नॅशनल करिअर सर्व्हिस, म्हणजे एनसीएस, हे केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालयाचं पोर्टल आहे. ते जुलै २०१५ मध्ये सुरू झालं. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींवर नाव असायला हरकत नाही. पुणे-मुंबईबाहेर, दुसऱ्या राज्यात जायची तयारी असेल तर एनसीएस विसरू नका.

४. दहावी झाली. आयटीआय करू की डिप्लोमा?

मार्क किती पडले यावर हा निर्णय घेतला जातो आणि तिथेच गाडी चुकते. खरा प्रश्न असा की घरी पगार कधीपासून हवा आहे आणि मुलाचे हात कशात रमतात.

आयटीआयचे वेल्डरसारखे काही ट्रेड एका वर्षाचे, फिटर-इलेक्ट्रिशियनसारखे दोन वर्षांचे. त्यानंतर अप्रेंटिस (प्रश्न ९), म्हणजे शिकता शिकता थोडे पैसे. डिप्लोमा तीन वर्षांचा. तिथे गणित आणि ड्रॉइंग टाळता येत नाही, पण सुपरवायझरच्या खुर्चीकडे जाणारी वाट तिथून जवळ. आयटीआय म्हणजे दार बंद, हा समज मात्र चुकीचा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. म्हणजे दोन वर्षं ट्रेडची, दोन डिप्लोमाची. एका वर्षाच्या फरकाने हाताचं काम आणि डिप्लोमा दोन्ही. आमच्या मते मध्यम मार्कांच्या, पण हात चालणाऱ्या मुलासाठी हा रस्ता उत्तम, आणि नेमका तोच कोणी सुचवत नाही.

आयटीआयचा प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. ट्रेडचा पसंतीक्रम भरताना ‘मित्राने भरला तोच’ असं करू नका. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचा ट्रेड लागला आणि घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांचं काय होतं हा नियम माहिती पुस्तिकेत असतो. तेवढं पान वाचाच.

५. मुलगा दहावी नापास आहे. त्याच्यासाठी काही आहे का?

आहे. आयटीआयच्या वेल्डर, वायरमन यांसारख्या काही ट्रेडना आठवी उत्तीर्णही चालतो. स्वतःचं काहीतरी सुरू करायचं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीत जा. ही बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर देशभर अशा संस्था उभ्या राहिल्या. मोटर रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती, शिवणकाम, दुग्धव्यवसाय असे अभ्यासक्रम असतात, शिकवणं आणि राहणं-जेवण मोफत असतं आणि पुढे कर्जाच्या प्रस्तावालाही मदत मिळते.

तरीही एक सांगतो: दहावी सुटली असेल तर ती सोडवून घ्या. अठराव्या वर्षी तिचं काही वाटत नाही. तिसाव्या वर्षी बढतीच्या वेळी आठवते, आणि परदेशी जायचं ठरलं तर पासपोर्टवरही आठवते (प्रश्न २२).

६. तीन महिन्यांचा सरकारी कोर्स आणि दोन वर्षांचं आयटीआय, दोन्हींचं सर्टिफिकेट सारखंच का?

दोन्ही खरी, पण वजन वेगळं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ पासून आहे. तिचे अल्पमुदतीचे कोर्स एखाद्या ठरावीक कामासाठी असतात: डेटा एन्ट्री, रुग्णालयात मदतनीस, शिलाई मशीन चालवणं. आयटीआयचा कागद म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. तो अख्ख्या ट्रेडचा असतो. भरतीच्या जाहिरातीत ‘आयटीआय उत्तीर्ण’ लिहिलं असेल तिथे तीन महिन्यांचा कोर्स चालणार नाही, मग प्रमाणपत्रावर कितीही बोधचिन्हं असोत.

कोणताही कोर्स घेण्याआधी त्याची एनएसक्यूएफ पातळी विचारा. ही देशाची कौशल्यांची शिडी आहे. तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात ते प्रमाणपत्रावर छापलेलं असतं. छापलेलंच नसेल, तर तो कोर्स या शिडीवर नाही असं समजा. तो वाईटच असेल असं नाही, पण सरकारी कामात त्याचा उपयोग धरू नका.

ग्रामीण भागातल्यांनी गावाजवळच्या प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्राचीही चौकशी करावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात अशा ५११ केंद्रांचं उद्घाटन झालं. आपल्या केंद्रात आत्ता कोणती तुकडी चालू आहे, हे तिथे जाऊनच बघा.

७. बारा वर्षं वायरिंगची कामं करतोय, कागद एकही नाही. आता पुन्हा शाळेत बसू का?

नको. तुमच्यासाठी आरपीएल आहे, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणं. थोड्या दिवसांची उजळणी असते, मग प्रात्यक्षिक आणि तोंडी प्रश्न. काम येत असलं तरी माणसं या परीक्षेत दोन गोष्टींवर अडखळतात: सुरक्षिततेचे नियम आणि हत्यारांची पुस्तकी नावं. ज्याला तुम्ही आयुष्यभर ‘टेस्टर’ म्हणत आलात, त्यालाच परीक्षक दुसरं काही म्हणतो. उजळणीला कंटाळू नका, ती याचसाठी असते.

आरपीएलने तुम्ही आयटीआय उत्तीर्ण होत नाही (प्रश्न ६). स्वतःच्या नावावर इलेक्ट्रिकल ठेकेदारी करायची असेल तर त्याचा परवाना वेगळा आणि तो देणारं कार्यालयही वेगळं.

८. क्लासवाले ‘शंभर टक्के प्लेसमेंट गॅरंटी’ म्हणतात. भरू का पैसे?

गॅरंटी कागदावर मागा. कोणती कंपनी, कोणतं पद, किती पगार, किती दिवसांत, आणि नोकरी लागली नाही तर फी परत का? या पाचांपैकी तीन उत्तरं लेखी मिळाली तरी तो क्लास बरा म्हणायचा. बहुतेक ठिकाणी ‘प्लेसमेंट’ म्हणजे मुलाखतीला पाठवणं, आणि मुलाखत द्यायला क्लास लागत नाही. मागच्या तुकडीतल्या चार मुलांशी स्वतः बोला. भिंतीवर ज्यांचे फोटो लावलेत त्यांच्याशी नव्हे. हजेरीपटावर होते त्यांच्याशी.

९. अप्रेंटिस म्हणजे नोकरी का? आणि ती कोण देतं?

नोकरी नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात किंवा कार्यालयात प्रत्यक्ष कामावर दिलेलं प्रशिक्षण, सोबत विद्यावेतन. वयाची किमान अट १४ वर्षं, धोकादायक उद्योगांत १८. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत (कंत्राटी धरून), तिला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे आणि प्रमाण २.५ ते १५ टक्के. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला मुभा आहे, सक्ती नाही.

हा नियम खिशात ठेवा. एमआयडीसीतल्या मध्यम कंपन्यांना माणूस हवा असतो, कायद्याने घ्यावाही लागतो, पण त्या जाहिरात देत नाहीत. आयटीआयची मुलं मात्र रेल्वे, एसटी आणि महावितरणच्या जाहिरातींची वाट बघत वर्ष घालवतात. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर आपल्या तालुक्यातल्या नोंदणीकृत आस्थापना शोधा आणि सरळ गेटवर बायोडेटा घेऊन जा. एचआरमधल्या माणसाला ‘अप्रेंटिस म्हणून घेता का’ असं विचारलं, की ‘नोकरी आहे का’ या प्रश्नापेक्षा दार लवकर उघडतं.

आयटीआयवाल्याला ठरलेली मुदत पूर्ण करून अखिल भारतीय परीक्षा देता येते. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारं राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र अनेक भरत्यांमध्ये आयटीआयच्या वर मोजलं जातं. मुदत संपली आणि परीक्षा दिलीच नाही, असं करू नका.

१०. अप्रेंटिसला पैसे किती मिळतात?

२०१९ च्या नियमांनुसार दरमहा किमान विद्यावेतन असं: पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी किंवा आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवी ९,०००. प्रशिक्षण दुसऱ्या वर्षात गेलं तर १० टक्के आणि तिसऱ्यात १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या रकमा ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. सही करायच्या दिवशी कोणता दर लागू आहे तो पोर्टलवर बघा आणि करारातल्या आकड्याशी ताडून घ्या.

हे किमान आहे. कंपनी जास्त देऊ शकते आणि चांगल्या कंपन्या देतातही. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट तुमच्या खात्यात टाकतं. म्हणून पैसे दोन तुकड्यांत आले तर घाबरू नका. कंपनीचा तुकडा आला आणि सरकारचा अडकला, तर आधी बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते तपासा. बहुतेक वेळा गाठ तिथेच असते.

११. कंपनीने ‘ट्रेनी’ म्हणून पत्र दिलंय. मी अप्रेंटिस झालो का?

पत्रावर काय लिहिलंय यावर ते ठरत नाही, करार कुठे नोंदला आहे यावर ठरतं. कायद्याखालच्या अप्रेंटिसचा करार पोर्टलवर नोंदलेला असतो, त्याला क्रमांक असतो आणि तुमच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये तो दिसतो. एचआरला करार क्रमांक विचारा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर पहिल्या महिन्यात ठीक. तिसऱ्या महिन्यातही तेच ऐकू आलं तर जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये, जिथे शिकाऊ उमेदवारीचं काम चालतं, तिथे चौकशी करा.

हे महत्त्वाचं अशासाठी की नोंदणी नसलेल्या ‘ट्रेनी’ची पाटी दोन्हीकडून कोरी राहते. परीक्षेला बसता येत नाही, प्रमाणपत्र नाही, आणि कामगार म्हणून मिळायला हवं ते वेतनही नाही. नोंदणी न करता लाइनवर पूर्ण पाळी काम करून घेत असतील, तर तुम्ही कामगार आहात असं म्हणायला जागा आहे. तशा वेळी हजेरीचे आणि पगाराचे पुरावे जपून ठेवा आणि कामगार कार्यालयात जा.

१२. अप्रेंटिसला ओव्हरटाइम, पीएफ, अपघात झाला तर भरपाई… काय लागू होतं?

कायदा त्याला प्रशिक्षणार्थी मानतो, कामगार नाही. म्हणून पीएफ कापला जात नाही. पगारपत्रकात कपात दिसली नाही म्हणून तक्रार करू नका. उलट ओव्हरटाइम त्याच्याकडून सहसा करून घेताच येत नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते आणि तीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताच्या कारणासाठी. ‘आज दुसऱ्या पाळीलाही थांब’ हे सर्रास चालतं, पण ते नियमात बसत नाही.

कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क मात्र आहे. कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाच्या तरतुदीही लागू आहेत. बूट, हातमोजे, गॉगल मागायला लाजू नका. अपघात किरकोळ असला तरी त्याच दिवशी लेखी नोंद करून घ्या.

१३. अप्रेंटिस झाल्यावर कंपनी परमनंट करते का?

करारात तसं लिहिलं असेल तरच ते बंधन. एरवी घ्यायचं की नाही हा कंपनीचा निर्णय. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इतर सगळं समान असेल तर प्रशिक्षण घेतलेल्या अप्रेंटिसला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं. ‘समान असेल तर’ हे शब्द विसरून लोक हा निकाल दाखवतात आणि नोकरीचा हक्क सांगतात. तसा हक्क त्यात नाही.

रेल्वेत ठोस तरतूद आहे: लेव्हल १ (पूर्वीचा गट ड) च्या थेट भरतीत २० टक्के जागा कायद्याखाली अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी असतात. पण परीक्षा द्यावीच लागते.

१४. पदवीधर आहे, दीड वर्ष खासगी नोकरी केली. आता अप्रेंटिस होता येईल?

पदवी-डिप्लोमावाल्यांसाठी शिक्षण मंत्रालयाची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना आहे, आपल्याकडे तिचं काम मुंबईतलं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ (पश्चिम विभाग) बघतं. तिच्या जाहिरातींत नेहमीची अट असते: एक वर्ष किंवा जास्त कामाचा अनुभव नको, आणि आधी याच कायद्याखाली अप्रेंटिस केलेली नको. त्यामुळे दीड वर्षाचा अनुभव इथे आड येतो. तो लपवून अर्ज करणाऱ्यांचं बिंग पीएफच्या नोंदीवरून फुटतं. तुम्ही अनुभवी उमेदवार म्हणूनच अर्ज करा. दीड वर्ष ही तुमची जमेची बाजू आहे, ती खोडायला कशाला जाता?

१५. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि अप्रेंटिस यांत फरक काय? त्यात पुढे कायम करतात असं ऐकलं.

दोन्ही पूर्ण वेगळ्या. ही राज्याची योजना, २०२४ मध्ये सुरू झालेली. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नसलेला. विद्यावेतन राज्य सरकार थेट खात्यात देतं: बारावीला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवी आणि पदव्युत्तरला १०,००० रुपये. मुदत आधी सहा महिने होती, पुढे ती अकरा महिन्यांपर्यंत नेली. अर्ज महास्वयंवरून (प्रश्न २).

कायम करण्याची तरतूद योजनेत नाही. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली, तिथून ही चर्चा पसरली. सरकारी कार्यालयात बसायला मिळालं की घरच्यांना मुलगा ‘सरकारी नोकरीला लागला’ असं वाटतं. सोयरिकीच्या बोलणीतही तसंच सांगितलं जातं. पहिल्याच दिवशी घरी खरं सांगा. मुदत संपल्यावर अनुभवाचं प्रमाणपत्र मात्र मागून घ्या, कामाच्या तपशिलासह.

१६. रोजगार मेळाव्याला जाऊन उपयोग होतो का?

होतो, पण तयारीने गेलात तर. येणाऱ्या कंपन्यांची आणि पदांची यादी बहुधा आधी पोर्टलवर लागते. त्यातल्या तीन-चार निवडा आणि सकाळी पहिल्या तासात त्यांच्या टेबलांवर जा; दुपारपर्यंत मुलाखत घेणाराही थकलेला असतो. बायोडेटा एका पानाचा, आठ-दहा प्रती, पासपोर्ट फोटो, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. मूळ कागद फक्त दाखवायला.

टेबलावर तुम्ही विचारायचे प्रश्न: पगार हातात किती, पगारपत्रक कंपनीचं की ठेकेदाराचं, कामाचं ठिकाण कोणतं, पाळी कोणती, राहण्याची सोय आहे का. मेळाव्यातल्या बऱ्याच जागा ठेकेदाराच्या असतात. त्यात गैर काही नाही, पण बॅनरवर मोठ्या कंपनीचं नाव बघून गेलेला मुलगा ठेकेदाराचं पत्र हातात पडलं की चार दिवसांत परत येतो. ‘जागेवर निवड’ म्हणून हातात ठेवलेला कागद पुष्कळदा केवळ पुढच्या फेरीचं बोलावणं असतो, हेही वाचून घ्या.

१७. लिपिकाच्या जागेसाठी एमएस-सीआयटी पुरेसं आहे?

नाही. लिपिक-टंकलेखकाला टंकलेखनाचं प्रमाणपत्र वेगळं लागतं: मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. ही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. एमएस-सीआयटी संगणक येतो हे दाखवण्यासाठी. दोन्ही वेगळे कागद, आणि जाहिरातीत बहुधा दोन्ही मागतात.

१८. लग्नानंतर आधारवर नाव बदललं, मार्कशीटवर माहेरचं आहे. फॉर्म रिजेक्ट होतोय.

महिला उमेदवारांचा हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि दोष त्यांचा नसतो. पहिला सल्ला: नोकरीचा अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने भरा आणि नावबदलाचा पुरावा जोडा. पुरावा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि पुष्कळ ठिकाणी महाराष्ट्र शासन राजपत्रात छापलेली नावबदलाची नोंद. राजपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. छापून यायला वेळ लागतो, म्हणून जाहिरात निघायची वाट बघू नका.

पोर्टलवर आधारशी नाव जुळलंच पाहिजे असं असेल, तर तिथे आधारचं नाव ठेवा आणि कागदपत्र तपासणीला राजपत्र न्या. अजून लग्न व्हायचं असेल तर आधार बदलायची घाई करू नका. नाव बदलणं ऐच्छिक आहे, सक्ती कोणाचीच नाही.

१९. दिव्यांग उमेदवारांसाठी वेगळी सोय आहे का?

२०१६ च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, आधी काढून घ्या. दिव्यांगांसाठी नॅशनल करिअर सर्व्हिसचं स्वतंत्र केंद्र मुंबईत आहे. क्षमतेचं मूल्यमापन, प्रशिक्षण आणि नोकरीसाठी मार्गदर्शन तिथे मिळतं. कोणतं पद कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी योग्य ठरवलंय, हे जाहिरातीच्या तक्त्यात असतं. टक्केवारीच्या आधी तो तक्ता वाचा.

२०. नोकरी गेली. सरकार बेकारी भत्ता देतं का?

नुसती नोंदणी केली म्हणून महाराष्ट्रात सरसकट भत्ता मिळत नाही. त्या नावाने फिरणारे फॉर्म भरू नका. मात्र तुमच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता का, ते पगारपत्रकावर बघा. कापला जात असेल तर ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ तुमच्यासाठी असू शकते. ती जुलै २०१८ पासून आहे आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे. किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी असेल, तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळते, आयुष्यात एकदाच. गैरवर्तनामुळे काढलं असेल, निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल तर नाही. चौकशी ईएसआयच्या शाखा कार्यालयात करा. ही योजना कारखान्यातल्या बहुसंख्य माणसांना माहीतच नसते.

२१. नोकरीसाठी डिपॉझिट आणि मूळ प्रमाणपत्रं मागतायत. देऊ?

डिपॉझिट नाही. युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे, फाइलचे, लॅपटॉपच्या कुरिअरचे, कोणत्याही नावाने मागितले तरी नाही. पैसे गेलेच असतील तर लाजेपायी दोन दिवस घालवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, पडताळणी झाली की परत घ्यायची. ठेवून घेणारी कंपनी तुम्हाला धरून ठेवू पाहते आहे.

बाँडचं, म्हणजे ‘ठरलेली वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन’ या कराराचं, जरा वेगळं आहे. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं पोरं एकमेकांना छातीठोक सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेतला तीन वर्षं किंवा दोन लाख रुपये हा बाँड वैध ठरवला. म्हणजे प्रत्येक बाँड चालतो असं नाही. रक्कम, मुदत आणि कंपनीने तुमच्यावर केलेला खर्च बघितला जातो. पण सही करताना तो टिकेल असं धरूनच करा.

२२. एजंट दुबईची नोकरी देतो म्हणतोय, व्हिजिट व्हिसावर ये, तिथे बदलून देतो. जाऊ का?

व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला १९८३ च्या कायद्याखाली एजंटची नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. नाव, पत्ता, परवान्याची मुदत तिथे तपासा. मुख्य कार्यालयाच्या परवान्यावर गल्लीबोळात उघडलेले ‘सब-एजंट’ त्यात धरू नका. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि वर जीएसटी आहे, पावती घेऊन. दीड लाख मागणारा तिथेच नापास.

दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असू शकतं, म्हणजे आखाती आणि इतर काही ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी उत्प्रवास मंजुरी लागते. व्हिजिट व्हिसाची युक्ती ही मंजुरी चुकवण्यासाठीच असते. मंजुरीच्या वेळी मालकाचा करार तपासला जातो, विमा होतो, आणि तिकडे पगार अडला तर भारतीय दूतावासाकडे तुमची नोंद असते. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाचं नाव मात्र तिथल्या कोणत्याच कागदावर कामगार म्हणून नसतं.